ज्वारीच्या माहेरचं जेवण: गावात आफ्रिकेची पंगत कशी मांडावी

भोगीच्या आधीच्या रविवारी आमच्या गावात एक पंगत बसते. पानात एका बाजूला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची लेकुरवाळी भाजी. दुसऱ्या बाजूला ज्वारी-नाचणीचा वाफाळता गोळा, ज्याला केनियात उगाली म्हणतात. त्याच्याशेजारी शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला चवळीचा पाला, नायजेरियात करतात तसं वाटीत उकडलेलं चवळीचं मोईन-मोईन, चिमूटभर कारळ्याची चटणी, आणि पेल्यात अंबाडीच्या बोंडांचं लालभडक सरबत. आसपासच्या गावांतल्या बायका, बचत गटातल्या मैत्रिणी, शाळेतले गुरुजी मला विचारतात, हे कसं करता, किती पीठ लागतं, पोरं खातात का. म्हणून एकदा सगळं मापासकट लिहून ठेवते.

माझं माहेर माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाचं. सासर सांगलीकडं, वाळवा तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट होते. १९९६ साली त्यांना केनियात किसुमूजवळ नोकरी लागली आणि आम्ही तीन वर्षं तिथं राहिलो. तिथंही चारी बाजूंना ऊसच होता. मी मात्र शिकले ते शेजारणीकडून. तिथं स्वाहिलीत आईला ‘मामा’ म्हणतात आणि लेकुरवाळ्या बाईला सगळेच मामा म्हणून हाक मारतात. सुरुवातीला माझी जीभ अडायची, कारण आपला मामा म्हणजे आईचा भाऊ. पण आठवडाभरात ती माझी मामा झाली.

पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा ती पसरट टोपलीत धान्य पाखडत बसली होती. हातात घेऊन बघते तर ज्वारी! दाणा बारीक, रंग तांबडा, पण ज्वारीच. ती लुओ समाजाची. त्यांच्या भाषेत ज्वारीला ‘बेल’ म्हणतात, नाचणीला ‘काल’ आणि उगालीला ‘कुओन’. मी खुणांनी सांगितलं की आमच्याकडं हेच खातात, थापून. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी तिच्या माहेरच्या गावचं कुणीतरी निघाले.

दुसरी गोष्ट तिनं पुढं कधीतरी सांगितली. तिचा मुलगा नैरोबीला शिकायला होता. तो सुट्टीला आला की पांढऱ्या मक्याची उगाली मागायचा. तांबड्या ज्वारीची, काळसर नाचणीची उगाली म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं खाणं, मित्रांना कसं दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. ते ऐकताना मला कराडचं होस्टेल आठवलं. माझ्या डब्यात भाकरी असायची आणि मी भिंतीकडं तोंड करून जेवायचे. चपाती आणणाऱ्या मुलींच्या रांगेत बसायचा मला धीर व्हायचा नाही. दोन खंडांत दोन पोरं एकाच धान्याची लाज बाळगत होती. पोषणाचं बोलायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण नाचणीत किती कॅल्शियम आहे हे पोराला सांगून काही होत नाही. त्याला ती चारचौघांत खाता आली पाहिजे.

आता आपल्या ताटातलं काय काय तिकडचं आहे ते सांगते, कारण पंगतीला हे बोलावं लागतं. ज्वारी पहिल्यांदा पेरती झाली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात, पाच हजार वर्षांपूर्वी. तिथून ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं पोचली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या सहाराच्या काठची, मालीकडची. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चवळी आफ्रिकेची, कारळे इथिओपियाचे, तिथं त्याला नूग म्हणतात आणि तेल काढतात. लाल अंबाडी, चिंच, कलिंगड यांचं मूळही तिकडंच. भोगीच्या भाकरीवरचा तीळ मात्र आपल्या उपखंडातला, आणि शेवगाही इथलाच. शेवग्याचा पाला आज नायजरमध्ये आपल्याहून जास्त आवडीनं खातात. मका, मिरची आणि शेंगदाणा तिसरीकडचे, अमेरिकेचे. ते बहुतेक पोर्तुगीजांच्या जहाजांतून दोन्हीकडं आले. कुणी म्हणालं, ‘हे परक्याचं खाणं कशाला?’ तर एवढं सांगावं. मागच्या वर्षी पंगतीत आमच्या भावकीतल्या एका आज्जीनं उगालीचा घास घेतला आणि म्हणाली, “आगं, ह्ये तर आपलंच की! थापायचं तेवढं ऱ्हायलंय.”

आधी वही, मग चूल

पंगतीची तयारी चुलीपासून सुरू करू नका. तीन आठवडे आधी शाळेतल्या चौथी ते सातवीच्या मुलांच्या हातात वही द्या.

ही कल्पना माझी नाही, केनियाची आहे. तिथं २००७ पासून शास्त्रज्ञ, गावची मंडळी आणि युनेस्को (संयुक्त राष्ट्रांची शिक्षण-संस्कृतीची संस्था) यांनी मिळून देशी खाण्याची नोंद करायला सुरुवात केली, कारण गावठी भाज्यांना लोक गरिबीचं खाणं म्हणायला लागले होते. सुमारे ८५० देशी वनस्पती त्यांच्या स्थानिक नावांसह लिहिल्या गेल्या. दुसऱ्या एका कामात प्राथमिक शाळेतली मुलं होती. इसुखा आणि पोकोट समाजातली मुलं आपल्याच घरचं खाणं लिहून काढत होती. २०२१ साली युनेस्कोनं परंपरा जपण्याच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत हे काम घेतलं. त्याच साली सेनेगलचा मासे-भात युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आला, आणि त्याआधी २०१७ मध्ये मलावीचं न्सिमा, म्हणजे तिथली उगालीच. कण्यांना आणि माडग्याला असा मान मिळाला तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटेल, याचा मी फार विचार करते.

वहीत पानाला उभ्या रेघा मारून पाच रकाने करायला सांगा. पदार्थाचं किंवा भाजीचं घरातलं नाव. कोण करायचं. कुठल्या महिन्यात. झाडाचा कुठला भाग खायचा. आणि शेवटचा रकाना, ‘कधी बंद झालं आणि का’. हा शेवटचा रकाना गाळू नका. ‘मिरगात करायचो, आता तणनाशक मारतात’, ‘जातं मोडलं तेव्हापासून कण्या नाहीत’, ‘सूनबाईला येत नाही, मी शिकवलं नाही’ असली उत्तरं येतात, आणि गावाचं पोषण कुठं गळालं ते त्या एका रकान्यात दिसतं. आमच्याकडं पहिल्याच वर्षी पाथरी, घोळ, तांदळा, चाकवत, कुरडू, करडईचा पाला, हादग्याची फुलं, हुलग्याचं माडगं, घुटं, शेंगोळ्या, आंबील एवढं आलं. एका मुलाच्या पणजीनं एकटीनं २३ भाज्या सांगितल्या. तो पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत छाती काढून चालत होता.

एक सक्त सूचना. मुलांनी रानातून काही आणून चाखायचं नाही. ओळख पटवायचं काम मोठ्या माणसाचं, आणि दोन जाणत्या बाया ‘हीच ती’ म्हणाल्या तरच भाजी घरात घ्यायची.

भोगीचा आठवडा मी का निवडते तेही सांगते. त्या दिवसांत नवी बाजरी आणि नाचणी घरात असते, कारळे निघालेले असतात, अंबाडीची बोंडं वाळवून झालेली असतात, रानात ज्वारी हुरड्यावर येत असते. चवळीच्या पाल्यासाठी मात्र दिवाळी झाली की बांधाला पाणी लागेल अशा जागी दाणे टाकून ठेवा. नाही जमलं तर माठ किंवा शेवग्याचा पाला चालतो. माठ तर तिकडंही घरोघरी खातात. केनियात तेरेरे म्हणतात, टांझानियात म्चिचा.

स्वयंपाक, साठ पानांचा

ज्वारी मी जतच्या नाहीतर मंगळवेढ्याच्या मालदांडीची घेते आणि नाचणी पाटण-जावळीकडची. साठ माणसांना ज्वारीचं पीठ साडेतीन किलो, नाचणीचं दीड किलो, चवळी अडीच किलो, निवडलेला पाला सहा किलो, शेंगदाणे दीड किलो, वाळलेली अंबाडीची बोंडं ३०० ग्रॅम. भाकरी आणि भोगीची भाजी पानात असतेच, म्हणून उगाली पोटभर नको, मूठभर गोळा पुरे.

उगाली घरी एकदा करून बघा आणि मगच पंगतीला घ्या. चार जणांना चार पेले पाणी, दीड पेला ज्वारीचं पीठ, एक पेला नाचणीचं. मूठभर पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि ते उकळत्या पाण्यात सोडायचं. पाणी दाटसर झालं की उरलेलं पीठ थोडं थोडं सोडत, पिठलं हाटतो तसं हाटायचं. गुठळी झालीच तर पातेल्याच्या कडेला उलथण्यानं दाबून मोडायची. मग आच मंद करून झाकण घालायचं, दर दोन-तीन मिनिटांनी उलटसुलट करायचं. बारा ते पंधरा मिनिटांत गोळा पातेल्याची कड सोडतो आणि भाजक्या भाकरीसारखा वास येतो. तो वास आल्याशिवाय उतरवू नका. कच्च्या पिठाची उगाली चिकट लागते, आणि पहिल्या घासाला चिकट लागली की माणूस परत हात लावत नाही. पहिल्या वर्षी मी साठ जणांची एकाच पातेल्यात केली. ती खाली लागली आणि मध्ये कच्ची राहिली. तेव्हापासून एका पातेल्यात पंधरा माणसांच्या वर करत नाही, चार चुली मांडते. मीठ घालत नाहीत, ते कालवणात असतं. खायची रीत अशी: उजव्या हातानं लिंबाएवढा तुकडा तोडून मुठीत वळायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात भाजी उचलायची. पोरांना हे फार आवडतं.

पाला शेंगदाण्यात. ही रीत युगांडापासून झिंबाब्वेपर्यंत आहे आणि आपल्या हाताला ती लगेच बसते. पाला चिरून धुऊ नका, धुऊन चिरा. कांदा-टोमॅटो थोड्या तेलात परतून पाला घालायचा, त्याच्याच पाण्यात नरम होऊ द्यायचा, मग भाजलेल्या दाण्यांचं बारीक वाटलेलं कूट पाण्यात कालवून सोडायचं आणि मंद आचेवर दहा मिनिटं रटरटू द्यायचं. मामा कडवट पाल्यात शेवटी दूध घालायची, त्यानं कडूपणा मरतो. मेथीला करून बघा. दाणे निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. सुरकुतलेला, काळा पडलेला, कडू लागणारा दाणा सरळ टाकून द्यायचा, गुरालाही नाही. अशा दाण्याला बुरशी लागलेली असू शकते आणि तिचं विष शिजवून जात नाही. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात ओला राहिलेला, बुरशी लागलेला मका खाऊन १२५ माणसं गेली. तीच बुरशी दाण्यांवरही येते. आपल्याकडं शेंगा ओल्या असताना पोत्यात भरतात, तेव्हा मला हीच गोष्ट आठवते आणि मी प्रत्येक पंगतीत ती सांगते.

मोईन-मोईन सगळ्यांत जास्त संपतं. चवळी तासभर भिजवा, मग पाण्यातच दोन्ही तळव्यांत चोळा. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाका. तीन-चार पाण्यांत बरीचशी निघतात. हे काम दोघी-तिघींनी गप्पा मारत करण्याचं आहे, एकटीनं केलं की कंटाळा येतो. सोललेली चवळी कांदा, लाल ढबू मिरची आणि एखादी तिखट मिरची घालून अगदी गुळगुळीत वाटा. भज्यांच्या पिठाएवढं सैल ठेवा. मीठ आणि दोन चमचे तेल घालून हातानं पाच मिनिटं एकाच दिशेनं फेसा. हलकेपणा सगळा या फेसण्यात आहे. तेल लावलेल्या वाट्यांत अर्ध्याच्या थोडं वर भरा, तळाला केळीच्या पानाचा तुकडा घाला, आणि इडलीसारखं पण चाळीस मिनिटं उकडा. सुई घालून कोरडी निघाली पाहिजे. तिकडं रुंद पानांच्या पुड्यांत बांधून उकडतात. हेच पीठ जरा घट्ट वाटून तळलं की त्याचा आकारा होतो, नायजेरियातली सकाळची भजी. पंगतीत मी तळत नाही. तेलाचा खर्च वाढतो आणि लोक इतर काही खात नाहीत.

अंबाडीच्या सरबताला सुदानमध्ये कर्कदे म्हणतात, नायजेरियात झोबो, सेनेगलला बिसाप. एक लिटर पाण्याला मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम बोंडं. धुऊन, आल्याच्या तुकड्यासोबत दहा मिनिटं उकळायची, गाळायची, गूळ घालायचा. भांडं स्टीलचं नाहीतर मातीचं घ्या. अंबाडी फार आंबट, ॲल्युमिनियमला खाते. गूळ बेतानं घाला, आंबट लागू द्या.

कारळ्याची चटणी सांगायला नको, तुम्हाला येतेच. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, सुकी मिरची, मीठ, आणि उखळात कुटायची. मिक्सरमध्ये तिचा चिखल होतो.

मटण-मासे खाणाऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर सुकट करते. किसुमूला व्हिक्टोरिया सरोवरातले बोटाएवढे मासे वाळवून विकतात, ओमेना म्हणतात. मामा ते कांद्या-टोमॅटोत परतून उगालीबरोबर द्यायची. काट्यासकट खाल्ले जातात, म्हणून हाडांना चांगले. आपल्या आठवडी बाजारातली सुकट त्याच कामाची आहे. माळकरी मंडळींची पंगत आधी उठू द्या, त्यांना वास नको.

टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाची इथिओपियातली आंबवलेली पोळी, इंजेरा, मी करत नाही. टेफ इथं मिळत नाही, आणि तांदळाच्या पिठाची करून तिला इंजेरा म्हणणं मला पटत नाही. त्याऐवजी सुदानची किस्रा करा. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून दोन रात्री आंबवायचं आणि तापल्या तव्यावर घावनाहून पातळ ओढायचं. आंबट ताकासारखी चव येते. पहिल्या चार-पाच फाटतात, ओढत राहा.

बाळांची वाटी

पंगतीला बाळंतिणी, लेकुरवाळ्या येतात. त्यांच्यासाठी मी एक कोपरा राखून ठेवते आणि तिथं एकच गोष्ट करून दाखवते.

सहा महिन्यांवरच्या बाळाला आपण खीर-पेज देतो. घट्ट केली तर गिळवत नाही, म्हणून पाणी वाढवतो. मग बाळाचं इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. टांझानियात यावर सोपा तोडगा आहे. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं पीठ, ज्याला ते किमेआ म्हणतात. आपलं नाचणी सत्त्व त्याच वाटेचं आहे. नाचणी बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात दीड दिवस बांधून ठेवा, मोड दिसले की कडकडीत वाळवा, मोड चोळून पाखडून टाका आणि दळा. यातलं थोडं पीठ न भाजता ठेवा. साध्या पिठाची घट्ट पेज शिजवून उतरवायची, बोट घातलं तर जेमतेम सोसेल इतकी निवली की त्यात चमचाभर मोडाचं कच्चं पीठ घालून ढवळायचं. बघता बघता पेज सैल होते, पाणी न घालता. मोडांत पिष्ट (स्टार्च) फोडणारं पाचक द्रव्य असतं, त्याचं हे काम. मग पुन्हा एक उकळी काढायची आणि निववून भरवायची. मोडाचं पीठ खरपूस भाजलं असेल तर हा गुण जातो. आमच्याकडं आलेल्या बाया हे बघायला वाटीभोवती दाटीवाटीनं वाकतात.

यासाठी ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ते याच कारणानं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही विचारा. मोड फक्त नाचणीचे.

बाकी पोषणाचं पंगतीत मी थोडकंच बोलते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. पण नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही. भिजवलं, आंबवलं, मोड आणले की जास्त लागतं. आंबील रात्रभर आंबवायची ती यासाठी. बाजरीत आणि पाल्यात लोह आहे, ते घ्यायला शरीराला आंबट लागतं, म्हणून प्रत्येक पानात लिंबाची फोड किंवा आवळा हवाच. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. आमच्या भागात हे सांगणं सगळ्यांत अवघड जातं. भाकरीसोबत चवळी, हुलगा, दाणे असं काहीतरी असलं की धान्यात जे प्रथिन कमी पडतं ते भरून निघतं, आणि कोरड्यासाबरोबर भाकरी खाणाऱ्या आपल्या आज्ज्या हेच करत होत्या. मधुमेह असणाऱ्यांना मी वेगळं बोलावून सांगते की ज्वारी आहे म्हणून गोळ्यावर गोळा नको, पाला जास्त घ्या.

एक गोष्ट होऊ देऊ नका

दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात काही तरुण पोरांनी लहान मुलांच्या तोंडाला काळा रंग फासला, कमरेला पानं बांधली आणि ‘हू हू’ करत नाचवायला सुरुवात केली. मी मध्ये जाऊन थांबवलं आणि मुलांची तोंडं स्वतः धुतली. मला फार वाईट वाटलं. माझी मामा रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जायची, माझ्या बाळंतपणात तिनं महिनाभर मला न्युका, म्हणजे त्यांची नाचणीची पेज, करून घातली. तिचं हे सोंग मला कसं बघवेल? आफ्रिकेत ५४ देश आहेत. म्हणून ‘आफ्रिकन पदार्थ’ एवढंच लिहू नका. प्रत्येक पातेल्यापुढं पाटी लावा: उगाली, केनिया. मोईन-मोईन, नायजेरिया. कर्कदे, सुदान. भिंतीवर मोठा नकाशा लावा आणि मुलांना दोरा लावू द्या, सुदानपासून सांगलीपर्यंत. कराड-पुण्याकडं तिकडचे विद्यार्थी शिकायला असतात. कुणाची ओळख असेल तर घरच्या पाहुण्यासारखं बोलवा, पहिलं पान त्यांना वाढा, आणि भाषण करायला लावू नका. त्यांना जे चुकलेलं वाटेल ते स्वयंपाकघरात येऊन सांगू द्या.

पंगत बसली की मुलांनी वहीतली नावं वाचायची. ज्यांच्या तोंडून ती आली त्या आज्जी-पणजींना समोर पाटावर बसवायचं आणि पान त्यांच्यापासून वाढायला घ्यायचं. सुपारी-नारळ, शाल यात पैसे घालू नका. त्यांच्या हातचा एकेक पदार्थ त्या पंगतीत असू द्या. माडगं, कण्या, जे असेल ते उगालीच्या शेजारी.

पंगत उठल्यावर एक काम राहतं, आणि ते मी कुणाला सोपवत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान पुड्या करते. एकीत चवळी, एकीत लाल अंबाडी, एकीत माठ, एकीत कारळे, आणि प्रत्येकीवर गावातलं नाव, देशाचं नाव आणि ज्या घरून बी आलं त्या घराचं नाव. बी पुरतं वाळलेलं हवं, दाताखाली कट्‌कन तुटलं पाहिजे. पुड्या राखेच्या डब्यात ठेवायला सांगते. मिरगाचा पाऊस झाला की अंबाडी आणि चवळी बांधाला टाकायची, हातभर अंतरानं, आणि माठ परड्यात, भांडी घासायच्या पाण्यावर. पुढच्या भोगीला प्रत्येक घरानं त्यातली मूठभर बोंडं आणि मूठभर चवळी आणायची, तेवढीच वर्गणी.